कार्ड तेच, ताकद वेगळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

संगणक दुरुस्तीच्या दुकानात पूर्वी लोक एकच तक्रार घेऊन येत, "चालू होत नाही, बघा." हल्ली एक नवीनच मागणी ऐकू येते. अभियांत्रिकीला शिकणारी मुले ग्राफिक्स कार्ड हातात घेऊन येतात आणि विचारतात, "काका, हे चालतंय व्यवस्थित. पण याचं बायॉस फ्लॅश करून याला वरच्या मॉडेलसारखं पळवता येईल का?" सोलापुरात दुरुस्तीचे काम करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे सविस्तर उत्तर एकदा सर्वांनाच द्यावे असे वाटले. यात मुलांची हौस आहे, विज्ञान आहे, पैशाचा हिशेब आहे आणि फसवणुकीलाही भरपूर वाव आहे.

आधी ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पेटीत बसणारा तो दुसरा छोटा संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, पंखा असतो, विजेची वेगळी व्यवस्था असते. पडद्यावर चित्र उमटवणे हे त्याचे मूळ काम. हे काम वाटते तितके सोपे नाही. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. त्यासाठी कार्डाच्या प्रोसेसरमध्ये हजारो छोटे गणनाघटक एकाच वेळी राबत असतात. लग्नाच्या व्हिडिओचे संकलन करणारे, घराचे त्रिमितीय आराखडे काढणारे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करणारे विद्यार्थी या सगळ्यांना हे कार्ड आज लागते. पुण्याच्या सी-डॅकने २०२० मध्ये उभारलेला 'परम सिद्धी' हा महासंगणकही अशाच प्रकारच्या प्रोसेसरांवर चालतो.

आता या कार्डावर आठ पायांची, बोटाच्या नखाहून लहान अशी एक चिप असते. संगणक सुरू झाला, की कार्ड सर्वांत आधी या चिपमधल्या सूचना वाचते. प्रोसेसर किती वेगाने चालवायचा, त्याला किती व्होल्ट द्यायचे, जास्तीत जास्त किती वॅट वीज खेचायची, किती तापमानाला पंखा वाढवायचा, मेमरीशी कोणत्या तालात बोलायचे, हे सगळे तिथे लिहिलेले असते. या सूचनांना फर्मवेअर म्हणतात; ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत व्हिडिओ बायॉस. हार्डवेअर म्हणजे प्रत्यक्ष यंत्र, सॉफ्टवेअर म्हणजे मनात येईल तेव्हा बदलता येणारा प्रोग्रॅम. या दोहोंच्या मधले जे काही, त्याला अॅशर ऑप्लर या अमेरिकी तज्ज्ञाने १९६७ मध्ये फर्मवेअर हे नाव दिले.

सोलापूरकरांना ही कल्पना समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. आपली चादर ज्या जॅकार्ड मागावर विणली जाते, त्या मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. जिथे भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती आणली. माग तोच, विणकर तोच, सूत तेच. पण कार्डांची माळ बदलली की मोराच्या जागी कमळ उमटते. फर्मवेअर ही कार्डाच्या डोक्यावरची अशीच माळ आहे. मात्र एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. माळ बदलून नक्षी बदलते, मागाचा पन्हा बदलत नाही. साठ इंची मागावर नव्वद इंची चादर कोणत्याही माळेने निघणार नाही. पुढच्या सगळ्या विवेचनात हे सूत्र आपल्या उपयोगी पडेल.

'फ्लॅश करणे' हा शब्दप्रयोग कुठून आला तेही सांगतो. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी एक नवी मेमरी शोधली आणि १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. वीज गेली तरी ती आपले लिहिलेले विसरत नाही आणि पुसायची म्हटली तर मोठाच्या मोठा भाग एका फटक्यात पुसता येतो. हे पुसणे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडले. पूर्वीच्या चिपा पुसण्यासाठी त्या काढून अतिनील किरणांखाली ठेवाव्या लागत. फ्लॅशमुळे चिप जागेवरून न हलवता, संगणकावरूनच जुने पुसून नवे लिहिता येऊ लागले. आपण ज्या विषयाबद्दल बोलतो आहोत, त्याचे दार या शोधाने उघडले.

आता मुख्य प्रश्न. कार्डात ताकद असताना कंपनी ती कमी करून का विकते? पैसे मिळत असताना माल झाकून ठेवण्यात कंपनीचा काय फायदा?

डाळिंबाच्या बागायतदाराला याचे उत्तर ठाऊक आहे. एकाच बागेतून, एकाच तोड्यात निघालेली फळे सारखी नसतात. मोठे, चकचकीत, डाग नसलेले फळ पहिल्या प्रतीत जाते, लहान किंवा डागाळलेले पुढच्या प्रतीत. प्रत्येक प्रतीला वेगळा भाव. चिपांचेही असेच असते. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात. त्यातल्या काही निर्दोष निघतात, काहींत एखाद-दुसरा गणनाघटक निकामी असतो. तेवढ्यासाठी अख्खी चिप फेकून देणे परवडत नाही. मग सदोष घटक बंद करून ती चिप खालच्या मॉडेलमध्ये, कमी किमतीला विकली जाते. इथवर सगळे रास्त आहे.

पण एखाद्या हंगामात बाग अशी फळते, की जवळजवळ सगळीच फळे पहिल्या प्रतीची निघतात आणि बाजारात मागणी मात्र दुसऱ्या प्रतीला असते. तेव्हा काय होते? चांगले फळही दुसऱ्या प्रतीच्या क्रेटमध्ये भरावे लागते. चिपांच्या कारखान्यातही काही महिन्यांत उत्पादन सुधारते आणि निर्दोष चिपा जास्त निघू लागतात. स्वस्त मॉडेलचे ग्राहक मात्र नेहमीच अधिक असतात. मग कंपनी चांगल्या चिपेचेही काही घटक बंद करते आणि तिला स्वस्त मॉडेलचे लेबल लावते. हे बंद करणे दोन प्रकारांनी होते. एक तर चिपेतले सूक्ष्म फ्यूज कायमचे तोडून, किंवा फर्मवेअरमध्ये 'इतकेच घटक वापर' अशी सूचना लिहून. पहिल्या प्रकारात दार भिंतीने बुजवलेले असते, दुसऱ्यात नुसते कुलूप लावलेले असते. फ्लॅश करणारे हौशी लोक हे कुलूप शोधत असतात.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण डिसेंबर २०१० मधले. एएमडी कंपनीने रेडिऑन एचडी ६९५० आणि ६९७० अशी दोन कार्डे बाजारात आणली. अमेरिकेत पहिल्याची किंमत २९९ डॉलर, दुसऱ्याची ३६९. स्वस्त कार्डात १४०८ गणनाघटक होते आणि वेग ८०० मेगाहर्ट्झ. महागात १५३६ घटक आणि ८८० मेगाहर्ट्झ. थोड्याच दिवसांत लोकांच्या ध्यानात आले, की सुरुवातीच्या ६९५० कार्डांत उरलेले १२८ घटक केवळ फर्मवेअरने बंद ठेवलेले आहेत. ६९७० चे बायॉस ६९५० वर लिहिले, की ते जागे होत. घटक ९ टक्क्यांनी अधिक, वेग १० टक्क्यांनी अधिक, म्हणजे कागदावर २० टक्के वाढ, तीही फुकट! शिवाय त्या कार्डावर दोन बायॉस आणि ते बदलण्याचे एक बटण होते. एक बिघडले तर दुसऱ्यावर कार्ड सुरू करता येत असे. त्यामुळे धाडस करणाऱ्यांची संख्या वाढली.

२०१६ मध्ये याच कंपनीचे आरएक्स ४८० हे कार्ड आले. ४ जीबी मेमरीचे १९९ डॉलरला आणि ८ जीबीचे २३९ डॉलरला. सुरुवातीच्या काही ४ जीबी कार्डांवर प्रत्यक्षात ८ जीबीच्याच चिपा बसवलेल्या होत्या. बायॉसने अर्ध्या झाकून ठेवल्या होत्या. तिथेही बायॉस बदलताच झाकलेली मेमरी मोकळी झाली.

पण प्रत्येक वेळी असे होत नाही. २०१७ मधल्या व्हेगा ५६ या कार्डावर अनेकांनी वरच्या व्हेगा ६४ चे बायॉस चढवले. मेमरीला जास्त व्होल्ट मिळाले, वीज खेचण्याची मर्यादा वाढली आणि वेगही वाढला. बंद केलेले घटक मात्र बंदच राहिले. ३५८४ घटकांचे ४०९६ झाले नाहीत, कारण तिथे कुलूप नव्हते, भिंत होती. मागाचा पन्हा तो हाच.

कधी कधी कंपनी स्वतःच फ्लॅश करायला सांगते. जानेवारी २०२० मध्ये आरएक्स ५६०० एक्सटी हे कार्ड बाजारात यायच्या तोंडावर प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या कार्डाची किंमत उतरवली. तेव्हा एएमडीने ऐनवेळी नवे बायॉस दिले आणि काही कार्डांच्या मेमरीचा वेग १२ गिगाबिटवरून १४ गिगाबिटवर नेला. तोवर जुन्या बायॉसची कार्डे खोक्यांत भरून दुकानांकडे रवाना झाली होती. ती घेणाऱ्यांना घरी बसून फ्लॅश करावे लागले. म्हणजे फ्लॅश करणे हे मुळात चोरटे काम नाही. ते कुणाच्या सूचनेने, कोणत्या फाइलने आणि कशासाठी केले, यावर सगळे अवलंबून आहे.

दुसरीकडे कुलपेही मजबूत होत गेली. एनव्हिडिया कंपनीने २०१४ च्या सुमारास आलेल्या कार्डांपासून बायॉसवर डिजिटल सही घालायला सुरुवात केली. कंपनीची सही नसलेले, म्हणजे कुणी आकडे बदललेले बायॉस कार्ड स्वीकारतच नाही. तरीही २०२३ मध्ये हौशी मंडळींनी काही पिढ्यांसाठी त्यातूनही वाट काढली. गंमत अशी, की कुलूप कधी कंपनीच्या हातूनच निघते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० हे कार्ड आले, तेव्हा इथेरियम या आभासी चलनाच्या 'खाणकामा'साठी ते वापरले जाऊ नये म्हणून त्या कामातला त्याचा वेग मुद्दाम निम्मा केला होता. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या एका चाचणी सॉफ्टवेअरमधून ही मर्यादा चुकून निघून गेली.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल, की मग करून का पाहू नये? म्हणून आता हिशेबाची दुसरी बाजू. चिपेत निर्माण होणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो पेलावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर उष्णता १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३ पट होते. वेग एक दशांशाने वाढला, उष्णता एक तृतीयांशाने.

आता हे सोलापूरच्या उन्हाळ्यात नेऊन ठेवा. समजा, एखादे कार्ड पूर्ण कामात असताना खोलीपेक्षा ४५ अंश अधिक तापते. खोली २५ अंशांवर असेल तर कार्ड ७० वर राहील, ठीक आहे. पण एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत ४० अंश धरले, तर तेच कार्ड ८५ वर जाईल. त्यात फ्लॅश करून उष्णता १.३३ पट केली, तर ४५ चे ६० होतात आणि कार्ड १०० वर पोहोचू पाहते. तिथे पोहोचण्याआधीच ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. म्हणजे ज्या वेगासाठी एवढा खटाटोप केला, तोच हातून जातो. वर पंख्याचा आवाज आणि विजेचे बिल वाढते. थंड देशात वातानुकूलित खोलीत केलेले प्रयोग जसेच्या तसे आपल्याकडे चालत नाहीत, ते यामुळे.

दुसरा धोका विजेचा. प्रत्यक्ष लिहिण्याचे काम मिनिटभराचेही नसते. पण जुने पुसले गेले आहे आणि नवे अर्धेच लिहिले आहे अशा क्षणी वीज गेली, तर कार्डाला जागे कसे व्हावे हेच कळत नाही. मुले त्याला 'ब्रिक होणे', म्हणजे वीट होणे म्हणतात. २००० च्या दशकात भारनियमनाच्या वेळापत्रकावर आपले दिवस चालत. आज तसे वेळापत्रक नाही, पण वळवाचा पाऊस आणि वारा आला की वीज जातेच. त्यामुळे यूपीएसशिवाय हे काम करू नये. बायॉस पुसले गेल्यावर काय होते, याचा अनुभव जगाने २६ एप्रिल १९९९ रोजी घेतला आहे. त्या दिवशी सीआयएच नावाच्या व्हायरसने अनेक देशांत संगणकांच्या मदरबोर्डवरचे बायॉस पुसून टाकले होते.

वीट झालेले कार्ड बहुधा वाचवता येते. प्रोसेसरमध्येच चित्राची सोय असेल किंवा दुसरे साधे कार्ड हाताशी असेल, तर त्यावर संगणक सुरू करून बिघडलेल्या कार्डावर जुने बायॉस परत लिहितात. तेही जमले नाही, तर आठ पायांच्या त्या चिपेला चिमटा लावून प्रोग्रामर नावाच्या छोट्या उपकरणाने थेट लिहावे लागते. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. काही चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, तर काही १.८ व्होल्टच्या. चुकीचे व्होल्टेज दिले तर चिप कायमची जाते. आणि या सगळ्यासाठी जुने बायॉस जपून ठेवलेले हवे. माझ्याकडे येणाऱ्या बंद कार्डांपैकी बऱ्याच जणांनी नेमके तेवढेच केलेले नसते. नव्या बायॉसच्या चार-चार फाइली असतात, जुन्याची एकही नसते. मेमरीच्या चिपा सॅमसंगच्या, हायनिक्सच्या की मायक्रॉनच्या, हेही आधी पाहावे लागते. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांत त्या वेगळ्या असू शकतात आणि एकीचे बायॉस दुसरीला मानवत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय मुख्यतः निवडला, त्या मुद्द्याकडे येतो. ज्या युक्तीने खालचे कार्ड वरचे करता येते, त्याच युक्तीने खालचे कार्ड वरचे असल्याचे भासवताही येते. एक विद्यार्थी स्वस्तात मिळालेले जुने कार्ड घेऊन आला होता. संगणक त्याचे नाव जीटीएक्स १०५० टीआय, मेमरी ४ जीबी असे दाखवत होता, पण कोणताही खेळ लावला की पडदा काळा. कार्डाच्या मागे पाहिले, तर निळ्या रंगाची जुनी व्हीजीए जोडणी. एनव्हिडियाने २०१६ च्या दहा क्रमांकाच्या मालिकेपासून ही जुनी अॅनालॉग सोय चिपेतून काढून टाकली आहे. म्हणजे आतली चिप कित्येक वर्षे जुनी होती आणि बायॉसमध्ये केवळ नाव व आकडे बदलले होते. घरच्यांनी महिन्याच्या खर्चातून बाजूला काढलेले पैसे त्यात गेले होते आणि विकणारा फोन उचलत नव्हता.

असे प्रकार इतके वाढले, की कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमने २०१८ मध्ये बनावट कार्ड ओळखण्याची सोयच केली. त्यात नावाच्या आधी 'फेक' असा शब्द दिसतो. त्यात आणखी एक भर पडली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली आणि कार्डांवरचे त्याचे खाणकाम एका दिवसात बंद झाले. रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतल्या अनेकांची बायॉस खाणकामासाठी बदललेली होती. अशी कार्डे वाईटच असतात असे नाही. मूळ बायॉस परत लिहिले, पंखा आणि थर्मल पेस्ट बदलली, तर ती चांगली चालतात. पण विकत घेणाऱ्याला ते माहीत असायला हवे.

म्हणून जुने कार्ड घेताना चार गोष्टी कराव्यात. पैसे देण्याआधी कार्ड संगणकात बसवून अर्धा तास भरपूर कामाला लावावे. दाखवलेली मेमरी खरोखर भरून पाहावी; बनावट कार्ड तिथे हमखास कोसळते. चिपेचे नाव, घटकांची संख्या आणि मागच्या जोडण्या कंपनीने जाहीर केलेल्या माहितीशी ताडून पाहाव्यात. आणि बायॉस कधी बदलले आहे का, हे स्पष्ट विचारावे.

शेवटी हक्काचा प्रश्न. मी पैसे मोजून वस्तू घेतली, तर तिच्यातले बंद दार उघडणे माझा हक्क नाही का? २०१० मध्ये इंटेलने एक प्रयोग केला होता. पेंटियम जी६९५१ हा प्रोसेसर घ्यायचा आणि नंतर ५० डॉलर भरून त्याच्यातल्याच बंद सोयी उघडून घ्यायच्या. आपल्याच पेटीतल्या वस्तूसाठी पुन्हा पैसे भरायचे, हे लोकांना रुचले नाही आणि पुढे ती योजना गुंडाळली गेली. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्यापासून हा विचार सुरू झाला आहे. माझे मत असे, की स्वतःच्या वस्तूवर स्वतःच्या जोखमीने प्रयोग करण्याचा हक्क माणसाला असावा. मात्र बहुतेक कंपन्यांच्या अटींप्रमाणे बायॉस बदलले की वॉरंटी जाते. हे पत्करूनच हात घालावा आणि मग कंपनीशी भांडू नये.

मुलांना मी सरसकट 'नाही' म्हणत नाही. वॉरंटी संपलेले, दोन बायॉसचे कार्ड असेल, जुने बायॉस जपून ठेवले असेल, यूपीएस असेल आणि ते कार्ड गेले तरी घरात कुणाची अडचण होणार नसेल, तर जरूर करून पाहा. त्यातून जे शिकायला मिळते ते पुस्तकात मिळत नाही. घरात एकच कार्ड असेल आणि त्यावर कुणाचा अभ्यास किंवा पोट चालत असेल, तर दहा टक्क्यांच्या मोहात पडू नका. आणि बदललेले कार्ड पुढे कधी विकायला काढलेत, तर मूळचे बायॉस परत लिहून द्या, किंवा निदान घेणाऱ्याला खरे ते सांगा. त्याच्याही घरी कुणीतरी महिन्याच्या खर्चातून ते पैसे बाजूला काढलेले असतात.